सोलापूरच्या गच्चीवरून पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची थरथर पकडता येईल का?

होटगीरोड | सोमवार, रात्री १०:१२
मंडळी, मुलगी नववीत आहे. दिवाळीनंतर शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. ठिबक सिंचन आणि मिठाच्या पाण्यावरचा दिवा सोडून काहीतरी कर, असं मीच तिला म्हणालो आणि आता निस्तरतोय. तिनं कुठंतरी वाचलं की पृथ्वीचं चुंबकक्षेत्र स्वस्थ बसत नाही. सेकंदाच्या काही भागापासून दहा मिनिटांपर्यंतच्या आवर्तनानं ते सतत बारीक हलत असतं, आणि हे हलणं ध्रुवांकडे वेगळं, विषुववृत्ताकडे वेगळं.

मोबाइलच्या होकायंत्रात आकडा ४२ मायक्रोटेस्लाच्या आसपास नाचतो. तीच ती थरथर, असं तिचं म्हणणं. मला पटेना, म्हणून आरएम-३१०० नावाचा सेन्सर मागवला आणि गच्चीवर टाकीपासून लांब कोपऱ्यात ठेवला. आलेखात अधूनमधून टेकाडं दिसतात. काही मिनिटं वर, मग खाली. ही खरी आहेत का? आणि सोलापूरच्या अक्षांशाला नक्की काय दिसायला हवं? जाणकारांनी सांगावं. आमचं शिक्षण कॉमर्सचं आहे, एवढं लक्षात ठेवून सांगावं.

तिरकसराव | रात्री १०:१९
टेकाडं म्हणजे शेजारच्या बोअरची मोटार. धागा बंद करा, झोपा.

कडकभाकरी | रात्री १०:२४
एक मोटार कशाला ओ, नळाला पाणी आलं असंल. सगळ्या गल्लीच्या मोटारी एकदम चालू. लई मोठं चुंबकीय वादळ असतंय ते.

गणितीकाकू | रात्री ११:०५
तिरकसराव थट्टेत बोलले, पण बहुधा बरोबर बोलले.

मोबाइलमधला सेन्सर दिशा दाखवण्यापुरता असतो. त्याचा स्वतःचा गोंधळच शे-दोनशे नॅनोटेस्लाचा (हजार नॅनोटेस्लाचा एक मायक्रोटेस्ला). सोलापुरात एकूण क्षेत्र ४२ हजार नॅनोटेस्लाच्या जवळपास आहे आणि एरवीच्या दिवशी आपल्या अक्षांशाला ही सूक्ष्मस्पंदनं येतात ती फार तर एखाद्या नॅनोटेस्लाची, बरेचदा त्याहून लहान. तेव्हा मोबाइलवर नाचतो तो आकडा मोबाइलचाच आहे.

आरएम-३१०० त्यापेक्षा पुष्कळ बरा. तरी त्याची एक पायरी १३ नॅनोटेस्लाच्या आसपास. सरासरी घेत गेलं तर दोन-तीनपर्यंत उतरता येतं, पण ३० सेकंदांचं स्पंदन पकडायचं असेल तर सरासरीला वेळ देणार कुठून?

आणि गच्ची नको. स्लॅबभर लोखंडी सळ्या, वर सोलापूरचं ऊन. सेन्सर तापला की आकडा सरकतो. कंपाउंडच्या कोपऱ्यात मीटरभर खोल खड्डा घ्या, प्लॅस्टिकच्या डब्यात बंद करून त्यात गाडा. तेवढ्या खोलीवर दिवस-रात्रीचा तापमानातला फरक जवळजवळ पोचत नाही. रस्त्यापासून लांब ठेवा. दहा मीटरवरून कार गेली तर साधारण वीसेक नॅनोटेस्लाचा धक्का देते. तीच कार तीस मीटरवर असेल तर एकाच्याही आत, कारण परिणाम अंतराच्या घनानं घटतो.

होटगीरोड | रात्री ११:२१
काकू, धन्यवाद. पण होटगी रोडला रस्त्यापासून तीस मीटर लांब जागा असती तर मी तिथं प्लॉट पाडून विकला असता. :)

असो. अक्षांशाचं काय?

ध्रुवीयपाटील | मंगळवार, पहाटे ३:४०
मूळचा बार्शीचा, सध्या मुक्काम नॉर्वेत ट्रोम्सो, ६९.६ अंश उत्तर. वेळ बघून दचकू नका, इकडे रात्रीचे अकरा होऊन गेलेत.

काकूंनी एक नॅनोटेस्ला म्हटलं ते वाचून हसू आलं. इथल्या विद्यापीठाच्या वेधशाळेचे आलेख रोज जालावर असतात. सकाळच्या वेळी दोन-तीन ते दहा मिनिटांच्या आवर्तनाची लाट येते, तिला पीसी-५ म्हणतात. दहा-वीस नॅनोटेस्ला अगदी नेहमीचे, जोर असला तर शंभरच्या वर. रात्री अरोरा (आकाशातला रंगीत ध्रुवीय प्रकाश) भडकला की क्षेत्र अर्ध्या तासात पाचशे-हजारानं हलतं. इथं तुमचा आरएम-३१०० मजेत चालला असता. मोटार नाही, पाणी नाही, ऊन तर महिनोन्‌महिने नाही.

एक खास चीज म्हणजे महास्पंदनं. साधारण शंभर सेकंदांचं आवर्तन, कंपासनं काढल्यासारखी गुळगुळीत लाट, बहुतेक उत्तररात्री ते सकाळी. उत्तर नॉर्वेतच अरोराचा अभ्यासक बिर्कलँडनं १८९९ मध्ये हाल्डे डोंगरावर वेधशाळा उभी केली होती. जुन्या दोनशे क्रोनरच्या नोटेवर त्याचं चित्र असायचं.

शंकासूर | सकाळी ८:१५
एकच पृथ्वी, एकच चुंबकक्षेत्र, मग ट्रोम्सोला शंभर आणि सोलापूरला एक असं का? शाळेत तर पट्टीचुंबकाचं चित्र दाखवायचे आणि विषय संपवायचे.

गणितीकाकू | सकाळी ९:५०
शंकासूर, त्याच पट्टीचुंबकाच्या चित्रात उत्तर आहे. बलरेषा आठवा. ट्रोम्सोतून निघालेली रेषा अवकाशात पृथ्वीच्या केंद्रापासून सहा त्रिज्यांपर्यंत, म्हणजे चाळीसेक हजार किलोमीटर जाते आणि दक्षिण गोलार्धात उतरते. सोलापुरातून निघालेली रेषा जेमतेम दोन-अडीचशे किलोमीटर चढते आणि परत येते.

आता सोलापूरकर आहात म्हणून मागाचं उदाहरण घ्या. ताण्याचा धागा घट्ट बसवलेला असतो, बोटानं छेडला तर थरथरतो. आखूड धागा भरभर, लांब धागा संथ, आणि धागा जड असेल तर अजून संथ. बलरेषाही अशाच थरथरतात. त्यांच्यावर अडकलेले आयन, म्हणजे विद्युतभारित कण, हे धाग्याचं वजन. या लहरींचं गणित हान्नेस अल्वेननं १९४२ मध्ये मांडलं आणि १९७० मध्ये त्याला नोबेल मिळालं. बलरेषांच्या थरथरण्याशी हे जोडलं डंजी नावाच्या शास्त्रज्ञानं १९५४ मध्ये. म्हणून उच्च अक्षांशावर कित्येक मिनिटांची स्पंदनं, मध्यम अक्षांशावर मिनिटभराच्या आतबाहेरची.

आपल्याकडे घोटाळा असा की सोलापूरचा 'धागा' अख्खाच आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, लोळतोय. तिथं हवेचे रेणू दाट, टकरा फार, आयन जड. छेडला तरी तो धड वाजत नाही. त्यामुळे इथं जे पोचतं ते स्थानिक नसतं. लांबून आलेलं, वाटेत विरलेलं असतं. म्हणून एक नॅनोटेस्ला.

कडकभाकरी | सकाळी १०:०२
काकू, शाळेत तुम्ही असता तर आम्ही मागावर बसलोच नसतो.

तिरकसराव | सकाळी १०:०६
मागावर बसलात म्हणून तर उदाहरण कळलं.

होटगीरोड | दुपारी १:३०
वरचा प्रतिसाद मुलीनं दोनदा वाचला. तिचा प्रश्न: लांबून म्हणजे कुठून?

गणितीकाकू | दुपारी २:४५
दिवसा येतात ती बहुतेक पीसी-३, म्हणजे १० ते ४५ सेकंदांची. सूर्याकडून वाहणारा सौरवारा पृथ्वीच्या चुंबकावरणाला (पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रानं व्यापलेल्या भोवतालच्या जागेला) धडकण्याआधीच एक आघातसीमा तयार होते. तिथून काही आयन उलटे, सूर्याच्या दिशेनं परत फेकले जातात आणि येणाऱ्या सौरवाऱ्यात लहरी उठवतात. त्या लहरी आत झिरपतात आणि पार आपल्यापर्यंत येतात. गंमत अशी की त्यांची वारंवारता सौरवाऱ्यातल्या चुंबकक्षेत्रावर ठरते. मिलिहर्ट्झमध्ये हवी असेल तर त्या क्षेत्राच्या नॅनोटेस्लांना ६ नं गुणा. नेहमीचं क्षेत्र ५, म्हणजे ३० मिलिहर्ट्झ, म्हणजे ३३ सेकंद. जमिनीवर बसून सौरवाऱ्यातल्या चुंबकत्वाचा अंदाज बांधता येतो, उपग्रह नसला तरी. मला स्वतःला या विषयातला हा सगळ्यात देखणा भाग वाटतो.

रात्री येतात ती पीआय-२, ४० ते १५० सेकंदांची, झटक्यात सुरू होऊन चार-पाच हेलकाव्यांत विरणारी. चुंबकावरणाच्या शेपटीत साठलेली ऊर्जा एकदम सुटते, ध्रुवाकडे अरोरा भडकतो, आणि त्याच सुमारास रात्रीच्या बाजूला सगळ्या अक्षांशांवर पीआय-२ उमटतं. सोलापुरातसुद्धा.

पीसी म्हणजे सलग, पीआय म्हणजे तुटक. ही वर्गवारी १९६३-६४ ची. आवर्तनावरून पाडलेले कप्पे आहेत, कारणावरून पाडलेले नाहीत, म्हणून पुढच्या अभ्यासकांनी त्यावर कुरकूरही पुष्कळ केली.

ॐकंपन | दुपारी ४:१०
सगळे इतकं किचकट का बोलताय? पृथ्वीचं स्पंदन ७.८३ हर्ट्झ आहे हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं. हल्ली ते वाढत चाललंय, म्हणून लोकांना डोकेदुखी, निद्रानाश. मोबाइलवर रोज त्याचा रंगीत पट्टा येतो, पांढरा आला की सावध राहावं.

शंकासूर | दुपारी ४:१३
आला, आला! वाटच बघत होतो.

गणितीकाकू | दुपारी ५:००
ॐकंपन, ७.८३ हर्ट्झ ही शूमन अनुस्पंदनं. जमीन आणि आयनांबर यांच्यामधल्या पोकळीत जगभरच्या विजा कडाडतात, त्यांच्या लहरी पृथ्वीला वळसा घालतात, त्यातून ती तयार होतात. शूमन यांनी १९५२ मध्ये हे भाकीत केलं. वारंवारता मुख्यतः पृथ्वीच्या परिघावर ठरते. परिघ काही बदलत नाही, त्यामुळे ती थोडीशी इकडेतिकडे होते, 'वाढत' नाही. त्यांची ताकद पिकोटेस्लात, म्हणजे इथं चाललेल्या एक नॅनोटेस्लाच्याही हजाराव्या भागाच्या आसपास. या धाग्यातली स्पंदनं वेगळी, त्यांचा उगम बहुतांशी अवकाशात. डोकेदुखीसाठी चष्म्याचा नंबर तपासा. हे टोमण्यानं म्हणत नाही, माझी तशीच गेली.

ॐकंपन | संध्याकाळी ६:२०
तुमच्या यंत्रांना जे दिसत नाही ते नाहीच असं नसतं. असो, वाद नको.

तिरकसराव | संध्याकाळी ६:२२
होटगीरोडांच्या यंत्राला तर जे नाही तेही दिसतंय.

द्राक्षबाग_पंढरपूर | रात्री ९:१५
मला एक वेगळंच आठवलं. किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या मावशीच्या गावाकडं, लातूर जिल्ह्यात, शास्त्रज्ञांची एक तुकडी आली होती. शेतात चार दिशांना खड्डे, त्यात मडकी, मडक्यांत मोरचुदाचं पाणी, आणि मडक्यापासून मडक्यापर्यंत लांबलचक वायर. मी लहान होतो. आम्हाला वाटलं द्राक्षावर मारतात तसं बोर्डो मिश्रण चाललंय, पण चुना काही दिसेना. त्यातले एक साहेब म्हणाले, आम्ही काही सोडत नाही जमिनीत, वरून जे येतं ते फक्त ऐकतो. वरून काय येतं ते तेव्हा कळलं नाही. हेच का ते?

गणितीकाकू | रात्री ९:४०
हेच! त्या पद्धतीला मॅग्नेटोटेल्युरिक म्हणतात. वरून आलेल्या स्पंदनांमुळे जमिनीत बारीक विद्युतप्रवाह उठतात. क्षेत्र किती हललं आणि जमिनीत किती व्होल्टेज उठलं, याच्या गुणोत्तरावरून खालच्या खडकाचा विद्युतरोध कळतो. मोरचुदाची मडकी यासाठी की नुसती सळई रोवली तर सळई आणि ओली माती मिळून स्वतःचीच बॅटरी करतात आणि नोंद बिघडते.

स्पंदन जितकं संथ तितकं खोलवर जातं. ढोबळ सूत्र असं: खडकाचा रोध ओहम-मीटरमध्ये, त्याला आवर्तनाच्या सेकंदांनी गुणा, वर्गमूळ काढा, निम्मं करा, किलोमीटर मिळाले. रोध १०० आणि आवर्तन १ सेकंद असेल तर ५ किलोमीटर. १०० सेकंद असेल तर ५०. दख्खनच्या बेसॉल्टखाली काय आहे ते खणल्याशिवाय पाहायला याहून सोयीचं फारसं काही नाही. किल्लारीत पुढे विंधनही घेतलं, तेव्हा ३४० मीटरच्या आसपास बेसॉल्ट संपून खालचा जुना खडक लागला होता.

शंकासूर | रात्री १०:०५
मग भूकंपाआधी चुंबकक्षेत्र थरथरतं हे खरं का? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आम्ही सोलापुरात अंगणात काढली आहे. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे. कोणी नीट उत्तर देत नाही.

गणितीकाकू | रात्री १०:४८
मला जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगते. सगळ्यात गाजलेला दाखला कॅलिफोर्नियातला, लोमा प्रिएटाचा भूकंप, १७ ऑक्टोबर १९८९, तीव्रता ६.९. केंद्रापासून सातेक किलोमीटरवर फ्रेझर-स्मिथ या संशोधकांचा सेन्सर आधीपासून होता. भूकंपाच्या काही तास आधी संथ वारंवारतेचा गोंगाट कित्येक पट वाढल्याचं त्यात दिसलं. जगभर खळबळ झाली. वीस वर्षांनी, २००९ मध्ये, इतरांनी त्याच नोंदी पुन्हा तपासल्या. काहींना तो सेन्सरचाच बिघाड वाटला, काहींनी त्यातला भाग त्या दिवशीच्या जागतिक चुंबकीय हालचालीत बसवून दाखवला. आजही अशा नोंदीवरून कोणी भूकंपाची पूर्वसूचना देऊ शकत नाही. म्हणून संशोधक आधी लांबच्या वेधशाळेशी ताडून बघतात. दोन्हीकडे दिसलं तर ते आकाशातलं, खालच्या खडकातलं नव्हे.

शंकासूर | रात्री १०:५५
ठीक. निदान कोणी 'आमच्याकडे यंत्र आहे' म्हणत आलं तर काय विचारायचं ते कळलं.

वायरमन७६५ | बुधवार, सकाळी ७:३०
वीज पारेषणात काम करतो, म्हणून माझा रस वेगळा. सोलापूर-रायचूर ७६५ केव्ही लाइन माहीत असेल. ३१ डिसेंबर २०१३ ला तिच्यावरून दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी जोडलं गेलं. इतक्या लांब तारांमध्ये क्षेत्राच्या झटपट बदलांनी जवळजवळ एकदिश असा प्रवाह उठतो आणि ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलमधून जमिनीत उतरतो. १३ मार्च १९८९ ला कॅनडात क्वेबेकचं ग्रिड असंच झोपलं, ६० लाख लोक नऊ तास अंधारात. सगळा कोसळायचा खेळ दीड मिनिटात आटोपला होता. आपल्याकडे अक्षांश खालचा, क्षेत्र बदलण्याचा वेग कमी, म्हणून धोका पुष्कळ कमी. शून्य मात्र म्हणवत नाही. तारा दिवसेंदिवस लांब होत चालल्यात.

कडकभाकरी | सकाळी ७:४४
म्हणजे आमच्याकडं लाइट जाते ती सौरवाऱ्यानं नाही?

वायरमन७६५ | सकाळी ७:४६
नाही मालक. ते झाडाची फांदी आणि खारूताई.

अलिबागकर | सकाळी ११:२०
इतका वेळ अलिबागचं नाव कोणी घेतलं नाही! आमचं घर चुंबकीय वेधशाळेपासून हाकेच्या अंतरावर, म्हणून थोडं लिहितो.

वेधशाळा मुळात मुंबईला कुलाब्यात होती, नोंदी १८४० च्या दशकापासून. २ सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौरवादळात कुलाब्याला क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरला. विषुववृत्ताच्या इतक्या जवळची त्या वादळाची ती फार मोलाची नोंद आहे, आजही तिच्यावर शोधनिबंध निघतात. तेव्हा माणूस बसून डोळ्यांनी वाचन घ्यायचा आणि वहीत लिहायचा, म्हणजे मिनिटाच्या आतलं काही सापडणार नाही. त्याच वादळात लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत फोटोग्राफीच्या कागदावर सलग रेघ उमटत होती. तिच्यात बाल्फोर स्टुअर्टला काही मिनिटांच्या आवर्तनाचे हेलकावे दिसले. स्पंदनांच्या पहिल्या नोंदींत ते धरतात.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या प्रवाहानं नोंदी बिघडणार, म्हणून नानाभाई मूस यांच्या काळात वेधशाळा अलिबागला हलली. १९०४ पासून तिथं नोंदी आहेत, ट्राम १९०७ ला धावली. काही काळ दोन्हीकडे एकदम नोंदी घेतल्या, म्हणून साखळी तुटली नाही. इमारतीत लोखंड वापरलेलं नाही. आता हे सगळं भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे.

तिरकसराव | सकाळी ११:३१
ट्रामसाठी वेधशाळा हलवली. होटगीरोडांनी मोटारीसाठी शेजारी हलवावेत.

पवनचक्की | दुपारी १२:४०
मी कामानिमित्त नागरकोईलला असतो. आमच्याकडची कथा तिसरीच. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या अगदी दक्षिण टोकाजवळून जातं. १९६३ मध्ये थुंब्याला अग्निबाण केंद्र काढलं ते यासाठीच. दिवसा इथं शंभर-सव्वाशे किलोमीटर उंचीवर पूर्वेकडे वाहणारा विद्युतप्रवाहाचा अरुंद पट्टा असतो. त्यामुळे तिरुनेलवेलीला रोजचा चढउतार अलिबागपेक्षा कितीतरी मोठा. वादळ सुरू होतानाचा झटकासुद्धा दुपारी इथं फुगून येतो.

माझा प्रश्न काकूंना: मग स्पंदनंही इथं सोलापूरपेक्षा मोठी असणार ना? म्हणजे ध्रुवाकडून खाली येताना लहान लहान होत जातात आणि टोकाला पुन्हा वाढतात?

गणितीकाकू | दुपारी २:१०
हो, पण सगळी नाहीत. मिनिटाभराच्या आणि त्याहून संथ स्पंदनांना तो पट्टा दिवसा फुगवतो. वीसेक सेकंदांच्या आतली मात्र त्याच पट्ट्याखाली मंद होतात, कारण तिथला वाहक थर भरभर बदलणाऱ्या लहरीला खाली उतरू देत नाही. म्हणजे नागरकोईलला संथ मोठी आणि जलद छोटी, दोन्ही गोष्टी एकाच दुपारी. रात्री तो पट्टा जवळजवळ ओसरतो, मग हा भेदही जातो.

सोलापूर त्या पट्ट्याच्या चांगलंच बाहेर आहे. ना अरोरा, ना विषुववृत्ती पट्टा. शांत माळ म्हणा. त्याचा फायदाही आहे. स्थानिक गडबड नसल्यामुळे इथं जे दिसतं ते जगभरचं असण्याची शक्यता जास्त.

कडकभाकरी | दुपारी २:१८
सोलापूर शांत म्हणणारी पहिली व्यक्ती. गड्ड्याच्या यात्रेत या एकदा, नंदीध्वजांच्या मिरवणुकीत उभं राहा, मग बोलू.

रिवाइंडर_अक्कलकोटरोड | रात्री ८:०५
नमस्कार. मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, पहिल्यांदाच लिहितोय. सेन्सर जमत नसंल तर तांब्याच्या तारेची मोठी गुंडाळी करून नाही का चालणार? क्षेत्र हललं की गुंडाळीत व्होल्टेज यायलाच पाहिजे. किती वेढे लागतील सांगा, गुंडाळून देतो. पोरीच्या शाळेचं काम आहे, पैसे नकोत.

गणितीकाकू | रात्री ८:५०
काय सुंदर प्रश्न! हिशोब करू. एक नॅनोटेस्लाचं, ३० सेकंदांचं स्पंदन. बदलाचा कमाल वेग ०.२ नॅनोटेस्ला दर सेकंदाला. गुंडाळी एक चौरस मीटरची, वेढे १,०००. व्होल्टेज आलं ०.२ मायक्रोव्होल्ट. ते मोजता येतं, पण शाळेच्या मल्टिमीटरनं नाही. खास कमी गोंगाटाचा ॲम्प्लिफायर लागेल, आणि घरातली ५० हर्ट्झची वीज त्याच गुंडाळीत त्याच्या कित्येक हजार पट व्होल्टेज उठवील, ती गाळावी लागेल. वेधशाळांत गुंडाळीच्या आत विशिष्ट मिश्रधातूचा लांब गाभा घालतात, वेढे हजारोंनी असतात. प्रदर्शनासाठी हे फार होईल. पण गुंडाळी कराच. वाऱ्यानं गुंडाळी हलली तरी पृथ्वीच्या ४२ हजारांमुळे व्होल्टेज येतं, हे पोरांना दाखवण्यासारखं आहे.

रिवाइंडर_अक्कलकोटरोड | रात्री ८:५८
हजार वेढे म्हणजे चार किलोमीटर तार झाली ओ. बारीक गेजची लावतो. जुन्या मोटारीची पडलीय.

ध्रुवीयपाटील | गुरुवार, पहाटे २:५०
गुंडाळी होईल तेव्हा होईल, मला एक सुचतंय. काकू म्हणाल्या तसं अरोरा भडकला की रात्रीच्या बाजूला सगळीकडे पीआय-२ उमटतं. इथं रात्री दहा म्हणजे सोलापुरात अडीच. दोन्हीकडे रात्र. मी खिडकीतून अरोरा भडकताना पाहिला की वेळ लिहून पाठवतो. तुमच्याकडचा आलेख त्या वेळेला बघा.

होटगीरोड | सकाळी ९:१०
पाटील, कल्पना झकास. पण माझ्या आरएम-३१०० ला एक नॅनोटेस्ला दिसत नाही हे वर सिद्ध झालंय. आलेख आणू कुठून? जाता जाता, त्या टेकाडांचा छडा लागला. मुलगी वही घेऊन गच्चीवर बसली आणि खालच्या गेटमधून गाडी आत-बाहेर झालेली वेळ टिपत गेली. पाण्याच्या वेळा आईकडून घेतल्या. बहुतेक टेकाडं जुळली.

अलिबागकर | सकाळी ९:४०
आलेख फुकट मिळतो. इंटरमॅग्नेट नावाचं जागतिक जाळं आहे, त्यात अलिबाग आहे, हैदराबाद आहे. पाटलांच्या शेजारचं हवं तर स्वीडनमधलं अबिस्को आहे. मात्र उतरवताना सेकंदाच्या नोंदी मिळतात का ते आधी बघा. मिनिटाच्या नोंदीत दोन मिनिटांखालचं काही सापडत नाही, म्हणजे पीसी-३ आणि पीआय-२ दोन्ही गेले. पीसी-५ साठी मिनिटाच्या चालतात.

शंकासूर | सकाळी ९:५२
आणि हैदराबाद-अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी दिसलं तर मधल्या सोलापुरातही आलंच असणार. म्हणजे गच्चीवर न पकडताही सोलापूरची थरथर पकडली. लोमा प्रिएटाच्या हिशोबाची उलटी बाजू. जमतंय का बघा.

गणितीकाकू | सकाळी १०:३०
शंकासूर, हेच प्रदर्शनात मांडा म्हणते मी. तुमचा सेन्सरही वाया जायचा नाही. १०-११ मे २०२४ चं वादळ आठवतं? लडाखमध्ये हानलेहून आकाश लाल दिसलं होतं, आणि विषुववृत्ताजवळचं क्षेत्र सरासरी चारशे नॅनोटेस्लांच्या आसपास घसरलं होतं. तसलं वादळ आलं तर खड्ड्यात पुरलेला आरएम-३१०० ते स्वच्छ दाखवील. ते कधी येईल सांगता येत नाही, म्हणून चालू ठेवा.

होटगीरोड | शुक्रवार, रात्री ९:३५
ठरलं. तीन आलेख: अबिस्को, हैदराबाद, अलिबाग, एकाच रात्रीचे, पाटलांच्या वेळेवर खूण करून. शेजारी आमच्या गेटच्या गाड्यांचा आलेख, 'हे पृथ्वीचं नाही' अशा पाटीसह. पाटी मुलीची, मी फक्त चार्ट पेपर आणणार. सेन्सर पेरूच्या झाडाखाली पुरला. आईला तिथं कोथिंबीर लावायची होती, तिची नाराजी आहे.

एक अडचण. अबिस्को आणि अलिबाग एकाच कागदावर काढले तर अलिबागची रेघ सरळ दिसते. काहीच हललेलं कळत नाही.

गणितीकाकू | रात्री ९:५०
उभी पट्टी वेगवेगळी ठेवा. अबिस्कोला एक सेंटिमीटर म्हणजे शंभर नॅनोटेस्ला, अलिबाग-हैदराबादला एक सेंटिमीटर म्हणजे एक. आडवी वेळेची पट्टी तिन्हींना तीच. आणि पट्टी मोठ्या अक्षरांत लिहायला सांगा, परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील.

रिवाइंडर_अक्कलकोटरोड | रात्री ९:५८
गुंडाळी तयार आहे. बुलेटवर बसत नाही, टमटम करून आणतो. रविवारी घरी आहात का?